दोघांत एक

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उन्हं उतरायच्या आत तुम्ही खुर्च्या भरल्यात, त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. पत्रिका छापताना थोडा घोटाळा झालाय. संयोजकांनी मला विषय दिला होता तो असा : ‘शाळांनी प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप द्यावा का?’ छापखान्यात शेवटचा ‘का’ आणि प्रश्नचिन्ह दोन्ही गळालं. परवापासून मला फोन येताहेत. एका आजोबांनी तर नातवाचं नाव, इयत्ता आणि तुकडीसुद्धा लिहून घ्यायला लावली. तेव्हा आधीच सांगून टाकतो, माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर, एवढंच आहे.

मी माध्यमिक शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांतली शेवटची सहा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली. माझ्या त्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच एका योजनेतून आमच्या शाळेला दहा संगणक मिळाले. टेम्पोतून खोकी उतरली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिपायाने नारळ फोडला. शाळेतली फरशी बसवलेली एकुलती एक खोली त्यांना दिली. खिडक्यांना जाळ्या, दाराला दोन कुलपं, बाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ अशी पाटी. वर्गात साठ-साठ मुलं घामाघूम व्हायची आणि चालू असलेले दोन पंखे त्या खोलीत. त्या खोलीकडे मी परत येणार आहे. आधी जरा लांब जाऊन येऊ.

१९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट या गणितज्ञांनी काही सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. लोगोत एक कासव असतं. त्याला ‘पुढे चाल’, ‘उजवीकडे वळ’ असं सांगायचं. ते चालतं आणि मागे रेघ उमटते. चौरस काढायचा तर दर कोपऱ्यावर ९० अंशांनी वळवायचं, हे कुणालाही जमतं. गंमत होते त्रिकोणाला. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असतं, म्हणून मुलं ६० सांगतात, आणि कासव भलतीकडे निघून जातं. कारण त्याला वळायचं असतं १२० अंशांनी. हा बाह्यकोन. मी तो तेहेतीस वर्षं फळ्यावर शिकवला आणि तेहेतीस वर्षं निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून गेला. कासव चुकतं तेव्हा मात्र मूल जागचं उठतं, स्वतः चार पावलं चालतं, स्वतः वळून बघतं, आणि बाह्यकोन त्याच्या पायांना कळतो. पॅपर्ट जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंजवळ राहून आलेले होते. मुलांना संगणकाने शिकवण्याऐवजी मुलांनी संगणकाला शिकवावं, असा त्यांचा आग्रह होता. गणिताचा मास्तर म्हणून मला आजही हा विचार फार मोलाचा वाटतो. लॅपटॉपच्या विरोधात बोलायला मी उभा राहिलोय असा कुणाचा समज झाला असेल, तर तो इथेच काढून टाका.

या विचाराला पुढे पाय फुटले ते २००५ मध्ये. पॅपर्टांच्याच एमआयटी या संस्थेतले निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी दावोसला घोषणा केली : १०० डॉलरचा लॅपटॉप, आणि जगातल्या गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक. म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या आतबाहेर. हिरवा-पांढरा, सशासारखे दोन कान असलेला, दिसायला अतिशय गोजिरवाणा. वीज नसेल तिथे हाताने दांडी फिरवून चालवायचा, असं सुरुवातीचं चित्र होतं. प्रत्यक्ष यंत्र आलं तेव्हा दांडी गेलेली होती आणि किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली. तरी पुढच्याच वर्षी तिचा एक छोटा प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यात, खैरात नावाच्या वाडीवर झाला. एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं. अशा शाळेत पहिली ते चौथी एका खोलीत बसतात आणि गुरुजी चौथीला भागाकार देऊन पहिलीकडे वळतात. मुलांच्या हाती यंत्र आलं तर तिथल्या गुरुजींना थोडी उसंत मिळेल, हे मला सहज पटतं. पण वीस मुलांवरून राज्याची योजना आखता येत नाही. त्यासाठी मोठा देश बघायला हवा.

तो देश पेरू. तिथल्या सरकारने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले आणि अँडीज पर्वतातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचवले. पुढे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांची पाहणी केली. काही शाळांना यंत्रं मिळालेली, काहींना नाही, आणि कुणाला द्यायची ते सोडतीने ठरलेलं. सुमारे १५ महिन्यांनी दोन्हीकडच्या मुलांना गणित आणि भाषेचा पेपर दिला. फरक काही आढळला नाही. लॅपटॉपमध्ये २०० पुस्तकं भरून दिली होती, तरी वाचनाची सवय वाढली नाही. आकृत्यांची कोडी सोडवण्यासारख्या काही चाचण्यांत मुलं थोडी पुढे दिसली आणि अर्थातच यंत्र चालवण्यात तरबेज झाली. इंटरनेट जवळजवळ कुठेच नव्हतं. आणि एक गोष्ट त्या अहवालात वाचली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो : लॅपटॉप घरी न्यायला दिलेला असून निम्म्याहून कमी मुलं तो घरी नेत होती. मोडला, हरवला तर जबाबदार कोण, ही भीती. मुख्याध्यापकांनाही होती, पालकांनाही होती.

कुणी म्हणेल, पेरूने अर्धवट केलं. बरं, मग उरुग्वे बघा. लोकसंख्या साधारण ३४ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. २००७ साली ‘प्लॅन सेइबाल’ सुरू केला आणि २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप दिला. शाळांना इंटरनेट दिलं, दुरुस्तीची सोय केली. देश छोटा आणि काम चोख. तरीही वाचन आणि गणितावर त्याचा परिणाम दिसला नाही, असं तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी तपासून सांगितलं. पण उरुग्वेवाले हुशार निघाले. इंग्रजीचे शिक्षक पुरेनात, तेव्हा त्यांनी दूरच्या शिक्षकाला पडद्यावरून वर्गात आणलं आणि वर्गातल्या बाई शेजारी उभ्या राहून मुलांकडून सराव करून घेऊ लागल्या. यासाठी दर मुलाला एक यंत्र लागत नाही. वर्गाला एक पडदा लागतो.

आता आपल्या शेजारी येऊ. गुजरात सरकारने वडोदऱ्याच्या महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. ते बहुतेक ठिकाणी तसेच पडून होते. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००२ साली ते हातात घेतले. चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेच्या आधी नाहीतर नंतर. गणिताचे खेळ, ज्याला जे येतं तिथून सुरू होणारे, आणि जवळ एक माणूस. या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढे २०१९ चं नोबेल मिळालेल्या तिघांतले हेच दोघे. बॅनर्जींचं मधलं नाव विनायक आहे आणि त्यांच्या आई मूळच्या मुंबईच्या पाटणकर, एवढं सांगितलं की आपल्या सभेत जरा हलचल होते, झालीच बघा. तर वडोदऱ्यात गणिताचे गुण वाढले. चांगले ठसठशीत वाढले, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्याहून जास्त. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच भाग ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. म्हणजे हे औषध एकदा घेऊन भागत नाही.

पेरूत मुलामागे एक यंत्र आणि गणितात शून्य फरक. वडोदऱ्यात दोघांत एक, तेही आठवड्याला दोन तास, आणि फरक डोळ्यांत भरणारा. हे उलटं का झालं असावं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

एक कारण वेळापत्रक. वडोदऱ्यात तास ठरलेला होता. अमुक वारी, अमुक वाजता, अमुक खेळ. पेरूत यंत्र दिलं आणि त्याचं काय करायचं ते शिक्षकावर आणि मुलावर सोडलं. वडोदऱ्याच्याच अभ्यासगटातले ली लिंडन यांनी अहमदाबादच्या वस्त्यांमधल्या ‘ज्ञानशाळा’ वर्गांत आणखी बारकाईने पाहिलं. शिक्षिकेचा तास काढून त्या जागी संगणकाचा तास ठेवला तर मुलं मागे पडली. शिक्षिकेचा तास तसाच ठेवून वर संगणकाचा तास दिला तर पुढे गेली. यंत्र तेच, खेळ तेच, मुलंही तशीच.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं. जमलं ते ४३.३ टक्क्यांना. यांतली बरीचशी मुलं माझ्यासारख्या मास्तरसमोर वर्गसमीकरणं उतरवून घेत बसलेली असतात. मला हे ठाऊक असतं आणि त्यांनाही ठाऊक असतं. साठांच्या वर्गात मी चौथीचा भागाकार काढून बसू शकत नाही, आणि नववीतल्या मुलाला चारचौघांत ‘मला भागाकार येत नाही’ म्हणवत नाही. यंत्रासमोर मात्र लाज वाटत नाही. मूल अडलंय तिथून यंत्र मुकाट्याने सुरुवात करतं, दहादा चुकलं तरी भुवई उंचावत नाही. यंत्राचा हा गुण माझ्यात नव्हता, हे मी आज कबूल करतो.

आणि तिसरं कारण म्हणजे ते ‘दोघांत’. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोनदा शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातो. तिथे गावकऱ्यांच्या वर्गणीतून घेतलेले पाच लॅपटॉप आहेत. एकदा दोन मुली कासवाचा त्रिकोण काढत होत्या. मी मागे उभा.

‘अगं, साठ दिलंस तू.’

‘मग? त्रिकोणाला साठच असतात.’

‘पण ते बघ की कुठं चाललंय!’

‘थांब, मी उठून वळते. तू सांग कधी थांबायचं.’

एक वर्गाच्या मधोमध फिरतेय, दुसरी तिला थांबवतेय. तिसऱ्या खेपेला दोघी एकदम ओरडल्या. यातल्या प्रत्येकीला स्वतंत्र लॅपटॉप असता तर एकीने साठ देऊन चुकीचा त्रिकोण काढला असता आणि दुसरीने मासे पकडायचा खेळ उघडला असता. मी पाहिलेलं आहे. आपल्या पिढीत एका बाकावर दोघांत एक पुस्तक असायचं, तेव्हा ती गरिबी होती आणि तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण यंत्रापुढे दोन डोकी एकत्र आली की त्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं, आणि बोलताना गणित स्वच्छ होतं.

इथे एक खोच आहे, ती सांगितली नाही तर मी तुम्हाला फसवलं असं होईल. त्याच शाळेत मुलगा-मुलगी अशी जोडी बसवली की माऊस मुलाच्या हातात जातो आणि तास संपेपर्यंत सुटत नाही. मुलगी शेजारी बसून बघते. तिथल्या बाईंनी यावर उपाय काढला. खिचडीच्या थाळीवर डाव आपटून अर्ध्या तासाने घंटा द्यायची, आणि घंटा झाली की जागा बदल. पहिल्या दिवशी मुलगे रुसले, आता सवयीने उठतात.

घरी मात्र अशी घंटा कोण देणार? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून आपण मोबाइलवर धडे पाठवले. देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ वर गेलं. आकडा ऐकून बरं वाटतं. पण फोन असलेल्या घरांतल्याही चौथाईहून अधिक मुलांच्या हाती तो पडत नव्हता, कारण तो बापाबरोबर कामावर जायचा. आणि २०२३ च्या त्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांचा फोन स्वतःचा होता, मुलींपैकी १९.८ टक्के. प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र द्यावं या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला हाच वाटतो. शाळेने मुलीच्या नावावर दिलेली वस्तू भाऊ सहजासहजी बळकावू शकत नाही. मुलींना मिळालेल्या सायकलींच्या बाबतीत हे आपण पाहिलंय.

म्हणून माझं मत दोन तुकड्यांत आहे. दहावीपर्यंत यंत्र शाळेचं असावं, मुलाचं नको. अकरावी-बारावीत ते घरी न्यायला द्यावं, आणि सगळ्यांना पुरत नसेल तर आधी मुलींना. त्या वयात प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, सीईटी, सगळं पडद्यावर असतं. अर्ज भरायला पोरं ई-सेवा केंद्राच्या दारात रांगा लावतात, आणि एक रकाना चुकला की पुन्हा पैसे. तामिळनाडूने २०११ पासून नेमक्या याच वयाच्या मुलांना, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या, लॅपटॉप दिले. निवडणुकीचं आश्वासन होतं हे खरं. पण निवडणुकीसाठी दिलेली प्रत्येक वस्तू वाईटच असते असं मी मानत नाही. माध्यान्ह भोजनालाही लोकांनी नावं ठेवली होती. उत्तर प्रदेशात बारावी झालेल्यांना लॅपटॉप वाटले, तिथे यंत्र सुरू केलं की मुलायमसिंह आणि अखिलेश या पितापुत्रांची छबी समोर यायची, आणि ती काढता काढता पोरांच्या नाकी नऊ यायचे. असो. निदान त्या खटपटीत काही जण संगणक शिकले असतील.

दहावीपर्यंत शाळेचं का, याचा हिशोब मांडतो, मास्तराला राहवत नाही. समजा ६०० मुलांची शाळा, साठांच्या दहा तुकड्या. लॅपटॉप २५ हजारांचा धरा. प्रत्येकाला दिला तर दीड कोटी. त्याऐवजी एका खोलीत तीस लॅपटॉप ठेवा, साडेसात लाखांत होतात. एका तुकडीची साठ मुलं दोघांत एक बसतात. दहा तुकड्यांना आठवड्याला चार-चार तासिका द्यायच्या तर चाळीस तासिका लागतात, आणि आपल्या आठवड्यात त्या असतात अठ्ठेचाळीस. वडोदऱ्याच्या मुलांना मिळाला त्याहून थोडा जास्तच वेळ एकेका मुलाला मिळतो आणि तुकडी बदलायला उसंतही राहते. उरलेल्या पैशांतून शिकवणारा माणूस ठेवा. तो करारावरचा नको. करार संपला की तो जातो, आणि मग त्या खोलीत पाल सोडून कुणी जात नाही. वीजबिल भरा. मराठी टंकलेखनाची अक्षरं कळांवर चिकटवून द्या. आज सहावीतलं मूल ‘आई’ लिहायला रोमन लिपीतून ‘ए, ए, आय’ असं चाचपडतं, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

आता त्या खोलीकडे येतो.

शाळेत एक जडसंग्रह नोंदवही असते. तुमच्यात शिक्षक बसलेत, ते आत्ताच हसले. बाक, घड्याळ, पृथ्वीचा गोल, मानवी सापळा, सगळं तिच्यात चढतं, आणि चढलेल्या प्रत्येक वस्तूला मुख्याध्यापक जबाबदार. वस्तू मोडली तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, पंचनामा करा, वर पाठवा, त्रुटी निघून परत येतो, पुन्हा पाठवा. एका मोडक्या खुर्चीसाठी मी दोन वर्षं पत्रव्यवहार केलाय. निवृत्तीला वस्तू कमी भरली तर पेन्शनचे कागद अडतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. खरं किती आणि ऐकीव किती, कुणी पडताळून पाहिलं नाही. भिण्यापुरतं ते पुरेसं होतं. अँडीजमधल्या त्या मुख्याध्यापकांबद्दल वाचताना मी ताठ बसलो तो म्हणूनच.

आमचे दहा संगणक पान ४२ वर चढले. वर्ग घ्यायला आलेला तरुण चांगला होता, करार संपल्यावर गेला. किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात आल्या. सहावीच्या मुलांनी एकदा दारात येऊन विचारलं, ‘सर, आमचा तास कधी?’ मी म्हटलं, ‘परीक्षा झाल्यावर.’ परीक्षा झाल्यावर सुट्टी लागली. पुढच्या वर्षी मुलं सातवीत गेली आणि विचारायची थांबली. शिपाई मात्र दर शनिवारी कव्हरं झटकत होता. तपासणीला साहेब आले की मी स्वतः कुलूप उघडायचो, ते दारातूनच डोकावून ‘वा’ म्हणायचे.

निवृत्त झालो त्या दिवशी नव्या मुख्याध्यापकांना चार्ज दिला. नोंदवही घेऊन आम्ही दोघे त्या खोलीत गेलो, चपला बाहेर काढून. त्यांनी एकेक कव्हर उचलून पाहिलं. दहाच्या दहा संगणक जागेवर होते. सहा वर्षांत एक माऊस हरवला नव्हता, एकाही कळेवरचं अक्षर पुसट झालं नव्हतं. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि यादीखाली लिहिलं, ‘सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या.’ त्याखाली माझी सही आहे.